जुईच्या कानामागची टिकली

वरदा जपानला गेली तेव्हा जुई तीन वर्षं दोन महिन्यांची होती. दोन हजार एकोणचाळीस सालचा सप्टेंबर. जपानात म्हातारी माणसं इतकी वाढली होती, की काही गावांत त्यांना सांभाळायला कुणी उरलंच नव्हतं. मिरजेच्या नर्सिंग कॉलेजातून दर वर्षी पन्नास-साठ मुली जपानी भाषा शिकून तिकडं जायच्या. वरदा जरा उशिरा गेली, लग्न आणि मूल झाल्यावर. स्मृती गेलेल्या वृद्धांची शुश्रूषा हा तिचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि त्यातलं सगळ्यांत चांगलं काम तिकडं चाललेलं होतं. करार तीन वर्षांचा, दीड वर्षानं सहा आठवड्यांची रजा.

"आत्ता नाही गेले तर कधीच जाणार नाही मी," ती म्हणाली होती, आणि तिच्या नवऱ्यानं, सुबोधनं, मनापासून "जा" म्हटलं होतं.

सुबोध भोरेचं मिरजेत चष्म्यांचं दुकान होतं. माणूस मऊ स्वभावाचा. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. वरदाला हे ठाऊक होतं, म्हणून जाण्याआधी तिनं कागदावर नियम लिहून तो फ्रिजला चिकटवला. जेवताना मोबाईल नाही. दिवसातून अर्धा तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. रडते म्हणून द्यायचा नाही. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईनं: 'माझा फोन यात धरू नये.'

तिचा फोन रोज सकाळी सव्वाआठला यायचा. तिकडं तेव्हा पावणेबारा वाजलेले असायचे, तिची जेवणाची सुट्टी. जुई पडद्याला नाक लावून बसायची. आपल्या ताटलीतला शिऱ्याचा घास काचेवर दाबून म्हणायची, "आ कर ना, आई." वरदा तिकडं तोंड उघडायची, चावायची, "साखर जास्त पडलीय आज," म्हणायची. मग सुबोध दुकानात जाऊन आधी तो फोन पुसायचा, चष्मे पुसायच्या मऊ कापडानं.

पण नियम पाळायला घरात माणसं लागतात. सुबोध दिवसभर दुकानात. घरी त्याची आई, आक्का. तिचे दोन्ही गुडघे धरलेले. पळणाऱ्या पोरीमागं ती काय पळणार?

"आरं, कारटून लावल्याबिगर घास गिळत न्हाई ती," आक्का म्हणायची. "उपाशी ठिवू का लेकराला?"

अर्ध्या तासाचा एक झाला, एकाचे तीन झाले. मोबाईल काढून घेतला की जुई श्वास कोंडून निळी पडायची. जानेवारीत एका दुपारी आक्कानं मोबाईल कपाटावर ठेवला, तर पोरीनं फरशीवर अंग टाकलं आणि उंबऱ्याच्या कडेवर कपाळ आपटलं. तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला वरदानं ती पट्टी पाहिली.

"काय झालं?"

सुबोधनं सांगितलं. किती टाके, ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "सुबोध, मी तिथं नाही म्हणून ते नियम लिहिले होते रे. मी असते तर कागद कशाला लागला असता?"

बालवाडीच्या कुंदाताईंनी त्याच आठवड्यात त्याला बाजूला घेतलं. "आमच्याकडच्या निम्म्या पोरांना आता टिकली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीही एकदा सांगलीला जाऊन या. डॉक्टर हेबळे म्हणून आहेत."

टिकलीला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं, पण ते कुणीच घेत नसे. कानाच्या पाळीमागं चिकटवायची, नखाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. लोक तिला टिकलीच म्हणायचे.

डॉ. निवेदिता हेबळेंनी ती तळहातावर ठेवून दाखवली. "पडदा मुलाला का सोडवत नाही? चित्र आवडतं म्हणून नव्हे. 'आता पुढं काय?' ही ओढ सोडवत नाही. पुढचं काही येणार, या नुसत्या चाहुलीनं मेंदूत डोपामीनची एक बारीक लाट उठते. खऱ्या जगात ती उठते आणि ओसरते. मांजर दिसलं, उठली. मांजर झोपलं, ओसरली. पडद्यावरचं मांजर झोपतच नाही."

"मग ही काय करते?"

"ही दोन गोष्टींवर लक्ष ठेवते. पडद्याचा उजेड सेकंदाला शे-सव्वाशे वेळा लुकलुकतो. आपल्याला कळत नाही, पण उन्हाचा उजेड तसं करत नाही, म्हणून टिकलीला पडदा ओळखता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे ओढीची ती लाट. दोन्ही एका वेळी सापडली, की ती कानातल्या एका चेतातंतूला हलकासा विद्युत्प्रवाह देते. तो तंतू थेट मेंदूच्या मुळापर्यंत गेलेला आहे. लाट तिथंच बसते. मुलाला दुखत नाही, खुपत नाही. चित्र दिसतं, फक्त अळणी लागतं. दोन-तीन महिन्यांत मेंदू स्वतःच शिकतो, की इथं ओढ लावण्यासारखं काही नाही. तरी दीड वर्ष ठेवावी, म्हणजे शिकलेलं पक्कं होतं."

सुबोधला ते पटलं. रागवायचं नाही, ओढाओढ नाही, 'नाही' म्हणायचं नाही. तो बाहेर येऊन अर्ज भरायला बसला. जुई बाकाखाली आडवी पडून त्याच्या खिशातल्या मोबाईलसाठी किंचाळत होती. अर्जात बावीस प्रश्न होते. सतरावा असा: 'बालकाच्या निकटची अशी कोणी व्यक्ती आहे का, जिची भेट मुख्यतः पडद्यावरच होते?'

त्यानं 'होय' लिहायला पेन टेकवलं आणि अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या मुलीला विचारलं, "हे कशासाठी?"

"होय असेल तर पुण्याला वेगळी तपासणी लागते. चार महिने नंबर लागत नाही."

"पण का?"

"ते मला नाही माहीत, सर. अभ्यास चालू आहे म्हणतात."

डॉक्टरांचं दार उघडंच होतं. त्या चहा पीत होत्या. सुबोधला उठून दहा पावलं जाऊन विचारता आलं असतं. पण खाली जुईनं त्याच्या पायाला चावा घेतला, बाकावरच्या बायका बघायला लागल्या, आणि आणखी चार महिने या विचारानंच त्याचा धीर सुटला. त्यानं 'नाही' लिहिलं.

टिकली लावल्याचं त्यानं वरदाला त्याच दिवशी सांगितलं. सतराव्या प्रश्नाचं सांगितलं नाही.

टिकलीनं कमाल केली. तिसऱ्या आठवड्यात जुईनं चालू कार्टून अर्धवट सोडलं आणि ती आक्काच्या मागं शेंगा सोलायला जाऊन बसली. महिन्याभरात ती हातानं जेवू लागली. शेजारच्या पोरांत खेळू लागली, गल्लीतल्या कुत्रीला नाव ठेवलं, रात्री गाढ झोपू लागली. "लेकरू मानसात आलं बाबा," आक्का म्हणाली आणि तिनं टिकलीवरूनच पोरीची दृष्ट काढली.

सकाळच्या फोनवर मात्र जुई हळूहळू कमी बसायला लागली. आधी दहा मिनिटं, मग पाच. सुबोधला वाटलं, खेळाचं वय आहे. जून उजाडला तेव्हा ती "आई आली बघ" म्हटल्यावर यायची, पण वरदा बोलत असताना तिची नजर भिंतीवरून, दारावरून फिरत राहायची.

"जुई, काल काय केलंस गं?"

"खेळले."

"काय खेळलीस?"

जुई उठून गेलेली असायची.

"माझ्यावर रागावलीय का रे ती?" वरदानं एकदा विचारलं. "रागावली असती तरी बरं झालं असतं. रागात माणूस निदान बघतं तरी."

सुबोधला तेव्हा पहिल्यांदा टिकलीची शंका आली. दुसऱ्या दिवशी त्यानं सव्वाआठला पाच मिनिटं असताना जुईच्या कानामागची टिकली काढून ठेवली. फोन आला. वरदा हसली, तिनं नव्यानं शिकलेलं एक जपानी बडबडगीत म्हटलं. जुईनं पडद्याकडं एकदा पाहिलं, बंद दुकानाच्या पाटीकडं बघावं तसं, आणि फ्रॉकची गाठ सोडवत बसली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं मेंदू शिकला होता. आता टिकली असली काय अन् नसली काय.

सुबोधनं ती परत लावली. कुणालाच काही सांगितलं नाही. समोर आली की सगळं ठीक होईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पडद्यावरचं पडद्यावर राहील. खरी आई ती खरी आई.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वरदा रजेवर आली. सुबोध, आक्का आणि जुई कोल्हापूरच्या विमानतळावर गेले होते. जुई आता पावणेपाच वर्षांची होती, आणि सारखं माणूस लागणारी. दारावरच्या रखवालदार बाईला तिनं आपले नवे बूट दाखवले, त्यांच्या टाचेतला दिवा लावून दाखवला, तिचं नाव विचारलं, तिला मुलं किती ते विचारलं. तेवढ्यात काचेच्या दारातून वरदा आली. सामानाची गाडी तशीच सोडून ती गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले.

"जुई..."

जुईनं तिच्याकडं पाहिलं. लाजली नाही, घाबरली नाही, आक्काच्या पदरामागं लपली नाही. अनोळखी माणसाला मूल निदान टक लावून तरी बघतं. हिची नजर वरदाच्या चेहऱ्यावर आली आणि घसरून पुढं गेली. मग ती वळून रखवालदार बाईला म्हणाली, "आणि तुझ्या बुटात दिवा का नाही?"

वरदा हात पसरून तशीच बसली होती. आक्काच तोंडाला पदर लावून पुढं झाली आणि तिनं सुनेला उठवलं.

आठ दिवस वरदानं वाट पाहिली. बाहुल्या दिल्या, जुईनं त्या घेतल्या आणि खेळायला शेजारी नेल्या. वरदा काही सांगायला लागली की पोरगी जांभई द्यायची. नवव्या दिवशी वरदाच म्हणाली, "चल, तुझ्या त्या डॉक्टरांकडं."

हेबळेंनी जुईच्या डोक्याला जाळीदार टोपी घातली आणि तिला एकेक छायाचित्र दाखवलं. कागदावर छापलेली साधी छायाचित्रं. आक्का, बाबा, कुत्री, एक अनोळखी बाई. प्रत्येक वेळी आलेखावर लाट उठली, लहान-मोठी. वरदाच्या छायाचित्राला रेघ सरळ झोपून राहिली.

त्यांनी जुईला बाहेर आक्काजवळ पाठवलं. "टिकली पडदा ओळखते, चेहरा ओळखत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण मेंदू चेहरा ओळखतो. पडद्यावरची कार्टूनं रोज बदलतात, जाहिराती बदलतात. त्यामुळं मूल शिकतं, की पडदा अळणी. पण समजा पडद्यावर एकच चेहरा रोज, त्याच वेळी येत असेल, आणि त्याला पाहून सगळ्यांत मोठी लाट उठत असेल, तर टिकली सगळ्यांत जास्त वेळा तीच बसवणार. मेंदू पडद्याबरोबर तो चेहराही शिकतो. आवाजही. आम्हाला तेव्हा नुसती शंका होती. म्हणून तर अर्जात सतरावा प्रश्न..."

बोलता बोलता त्यांनी अर्ज उघडला आणि त्या थांबल्या. वरदानं मान पुढं करून वाचलं.

"मी लिहिलं ते," सुबोध म्हणाला.

परत येताना गाडीत जुई आक्काच्या मांडीवर झोपली होती. वरदा खिडकीबाहेर बघत होती. मिरज रस्त्यावरचं विजयनगर ओलांडल्यावर ती म्हणाली, "चार महिने थांबायचं होतं फक्त?"

"हो."

"मला विचारलं असतंस तर मी थांब म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

"निकटचं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं," वरदा म्हणाली, "आणि तू नाही म्हणालास." तिचा आवाज चढला नव्हता. सुबोधला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

जुईची टिकली त्याच दिवशी निघाली. पुढं वर्षभरात तसली आणखी साठेक मुलं सापडली. कुणाचे वडील बोटीवर होते, कुणाची आजी परदेशात. अर्जातला सतरावा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आला. पण विझलेली ओढ पुन्हा कशी पेटवायची, ते कुणालाच माहीत नव्हतं. "प्रयत्न करत राहा," एवढंच हेबळे म्हणाल्या. "स्पर्श आणि वास पडद्यातून येत नाहीत. तिथं टिकली पोचलेली नाही."

वरदानं ते वाक्य धरून ठेवलं. तिला ते नवं नव्हतं. तिच्या वॉर्डात मात्सुदा नावाची नव्वदीची बाई होती. मुलगा समोर आला तरी तिला ओळखू यायचा नाही. पण त्यानं मागं बसून केस विंचरायला घेतले की ती त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारायची. वरदा नातेवाइकांना समजवायची, की माणसाला फक्त चेहऱ्याचंच दार नसतं. तेच आता तिनं स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी अंगणात पोरं आंधळी कोशिंबीर खेळत होती. जुईवर राज्य होतं, आक्कानं तिच्या डोळ्यांवर पंचा बांधला होता. वरदा चपला काढून हळूच पोरांत शिरली. कुणी हसायचं नाही, अशी तिनं बोटानं खूण केली. चाचपडत जुईचे हात तिच्या पोटाला लागले. जुई थांबली. तिनं मनगट चाचपलं, कोपर चाचपलं, वेणी हातात धरली. मग नाक वरदाच्या पोटात खुपसून तिनं एक लांब श्वास घेतला.

"ओळख, ओळख!" पोरं ओरडली.

जुईनं ओळखलं नाही, की ओळखूनही सांगितलं नाही, कोण जाणे. तिनं दोन्ही हातांनी वरदाला मिठी मारली आणि ती सोडेचना. पोरं कंटाळून दुसरा डाव मांडायला लागली तरी सोडेना. वरदानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि न राहवून म्हणाली, "बाळा..."

आवाज ऐकताच मिठी ढिली पडली. जुईनं पंचा वर सरकवला, वरदाचा चेहरा पाहिला, आणि भिंतीवरून हात काढून घ्यावा तसे हात काढून ती पोरांकडं पळाली.

वरदा घरात गेली आणि मोरीचं दार लावून नळ सोडून बसली. बाहेर सुबोध दाराला हात टेकवून उभा होता. त्याला एकदाही दार वाजवायचा धीर झाला नाही.

नंतर विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की आपण फोनवर कधी कुजबुजलो नव्हतो. वॉर्डात गोंगाट असायचा, मोठ्यानंच बोलावं लागायचं. कुजबुजीत स्वर नसतो, नुसता श्वास असतो. मग ती जुईशी फक्त कुजबुजून बोलू लागली, तेही मागून, केस विंचरताना. पहिल्या दिवशी जुई मान न वळवता बसली. आठवड्याभरानं तिनं उत्तर दिलं, तेही कुजबुजून.

रजा संपली. वरदानं तिकडं कळवलं, की मी येत नाही. त्या कामावर तिचा किती जीव होता, ते सुबोधला माहीत होतं. त्यानं दुकानात बसून, आठ दिवस खपून जुईसाठी एक लहानसा चष्मा केला. त्यातून जवळचं सगळं धूसर दिसेल, आकार कळेल पण चेहरा कळणार नाही, अशी भिंगं. तो त्यानं वरदापुढं ठेवला.

तिनं तो डोळ्यांना लावून पाहिला. घडी घालून परत दिला.

"छान केलायस," ती म्हणाली. "पण आता माझ्या आणि तिच्या मध्ये आणखी एक वस्तू नको."

पावसाळ्याच्या शेवटी जुईला ताप भरला. दुपारची वेळ. आक्का आडवी झाली होती, वरदा स्वयंपाकघरात पाट्यावर काही वाटत होती. सुबोध औषध घेऊन आला तर बाहेरच्या खोलीत जुई उभी. डोळे गच्च मिटलेले, भुवया आक्रसलेल्या, दोन्ही हात पुढं. ती एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडं चालली होती. दाराच्या चौकटीला खांदा आपटला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. सुबोध तिला धरायला पुढं झाला आणि थांबला. जुई वास घेत घेत वरदापाशी पोचली आणि तिच्या पाठीवर कलंडली.

वरदानं वरवंटा बाजूला ठेवला. ती काहीही बोलली नाही.

डोळे उघडे असले की ही बाई आपली कुणी नाही आणि मिटले की आई आहे, हे त्या पोरीनं आपलं आपण शोधून काढलं होतं.

त्याला आता सात वर्षं झाली. आक्का गेली. वरदा मिरजेतच स्मृती गेलेल्या वृद्धांचं एक छोटं केंद्र चालवते. नवरा-बायको भांडत नाहीत. सुबोधनं दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा ती "हं" म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पुन्हा नको मागूस, मला मग तुझी समजूत काढावी लागते."

जुई बारा वर्षांची आहे. हुशार आहे, बोलघेवडी आहे. तिला सगळं सांगितलेलं आहे. आईशी ती नीट वागते, सांगितलेलं ऐकते, बाहेर कुणाला काही कळायचं नाही. शाळेत एकदा 'माझी आई' हा निबंध आला, तेव्हा तिनं आईचे हात, तिचा वास, तिचा श्वास असं पानभर लिहिलं आणि चेहऱ्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. बाईंना ते फार वेगळं वाटलं. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला.

परवा ती शाळेतून आली ती थेट वरदाच्या खोलीत गेली. दप्तर टाकलं, पलंगावर बसलेल्या वरदाच्या पायांशी खाली बसली, पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवली आणि डोळे मिटले. जिवाभावाच्या मैत्रिणीनं बोलणं टाकलं होतं. ती कुजबुजत सांगत राहिली, मधेच रडली. वरदा तिच्या केसांतून बोटं फिरवत मधूनच एखादा शब्द कुजबुजत होती.

सुबोध चहा घेऊन दाराशी आला होता. जुईनं मान मागं टाकून आईच्या मांडीवर ठेवली होती. मिटलेल्या डोळ्यांचा तिचा चेहरा वर, वरदाकडं. आणि वरदा तो बघत होती. कपाळावरची तीन टाक्यांची खूण, पापण्या, ओठांच्या कडेचं पाणी, सगळं. एरवी ती लेकीकडं असं बघायला धजत नसे, कारण समोरच्या नजरेत काहीच उमटत नाही हे तिला सोसायचं नाही. आता बघता येत होतं.

थोड्या वेळानं जुई म्हणाली, "उघडू?"

"थोडं थांब," वरदा कुजबुजली.

जुई थांबली. सुबोधच्या हातातला चहा निवत होता. तो दारातून मागं सरला.